वाळूवरची चूल

तापीत एक बेट होतं. आता ते आहे की नाही, आणि असलं तर तेच आहे का, हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. दर पावसाळ्यात नदी ते बुडवते आणि पाणी उतरलं की आपल्या मर्जीनं पुन्हा वर काढते. कधी लांबट, कधी रुंद, एखाद्या वर्षी दोन तुकड्यांत. मी राहिले त्या वर्षी ते मधे फुगलेलं आणि दोन्ही टोकांना निमुळतं, काकडीसारखं होतं. दक्षिणेचा काठ जळगाव जिल्ह्याचा, उत्तरेचा धुळे जिल्ह्याचा. बेट कोणाचं? कोणाचंच नाही, असं दोन्ही काठांवरच्या साहेबांचं म्हणणं होतं. दोन जिल्ह्यांचं एखाद्या गोष्टीवर एवढं एकमत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मी तिथे गेले ती याच एकमतामुळे. जळगावात आमचा पाचसात जणांचा गट होता. आम्ही पत्रकं काढायचो. नशिराबादचा एक मुलगा ती सायक्लोस्टाइल करायचा आणि त्याच्या हाताची शाई कधी निघायची नाही. दुष्काळ नुकताच सरला होता, देवीची लस टोचण्याची मोहीम गावोगाव चालली होती, आणि आमच्या कानावर आलं की नदीतल्या बेटावर वीसेक कुटुंबं राहतात आणि तिकडे टोचायला कोणी गेलेलं नाही. या काठचा माणूस म्हणे, त्या काठचा जाईल. त्या काठचा म्हणे, आमच्या यादीत वाळू नाही. आम्ही संतापलो. संतापायची आम्हाला सवय होती. ठरलं, कोणीतरी तिथे जाऊन राहायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि पत्रक काढायचं. गटातल्या बाकीच्यांच्या परीक्षा होत्या. मी परीक्षेवर बहिष्कार टाकलेला असल्यामुळे मोकळी होते.

घरी आमचं कापडाचं दुकान. मारवाडी, जैन घर. स्वयंपाकाला महाराज, रॉकेलचे दोन स्टोव्ह, आणि जेवणं सूर्य मावळायच्या आत. वडील माझ्यावर ओरडत नसत. ते गिऱ्हाइकाकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहात आणि गप्प बसत. या वेळी ते एवढंच म्हणाले, "जा. पण पाणी उकळून पी."

अमळनेरपर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी, एसटीतून उतरल्यावर केळीच्या बागांमधून पायवाट. मग काठ संपतो आणि वाळू सुरू होते. वाळू, मांडीभर पाण्याचा एक फाटा, पुन्हा वाळू, मग खोल पाणी आणि त्यावर एक डोंगी. दुपारी बेटावर पोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. ते बेटाचे पंच, पाटील, सगळं काही होते, हे नंतर कळलं.

"कोन शे व ताई? टोचनारी का?"

"नाही आबा. माहिती घ्यायला आले."

"माहिती लईसन काय करशी?"

"पत्रक काढू. कागद छापून वाटू सगळीकडे."

आबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "मंग टोचनारी बरी व्हती."

माझं नाव त्याच संध्याकाळी पडलं. कागदवाली.

राहायला त्यांनी मला अक्काकडे पाठवलं, कारण अक्का एकटी होती. पन्नाशीची, उंच, उन्हानं रापलेली, पायांना भेगा. नवरा मागच्या पावसाळ्यात गेला होता. बुडून नव्हे, ही भोई-कोळ्यांची माणसं बुडत नाहीत. तापानं गेला. मुलगा नाही. एक मुलगी, ती धुळ्याच्या काठावर दिलेली आणि तिचे दिवस भरत आलेले. अक्काची झोपडी म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड आणि वर गवत. आत वाकून शिरायचं. समोर वाळूत तीन दगडांची चूल.

"मासा खास का?" तिनं पहिल्यांदा विचारलं.

"नाही खात."

"कांदा?"

"कांदा खाते."

"मंग निम्मी बाटेलच शेस. बस."

माझ्यासाठी तिनं वेगळं मडकं काढलं. त्यात तिनं कधीही मासा शिजवला नाही. मीही त्याबद्दल कधी काही बोलले नाही. घरी जातपात आणि शिवताशिवत यांवर मी अर्धा तास भाषण देऊ शकत असे.

आता त्या बेटावर चालायचं काय ते सांगते. टरबूज, खरबूज, काकडी. पाणी उतरलं की वाळूत खोल चर खणायचे, ओल लागली की थांबायचं, तळाशी शेणखत टाकायचं आणि भिजवलेलं बी पेरायचं. कोवळ्या वेलाला वारा लागू नये म्हणून पऱ्हाट्यांच्या आडी लावायच्या. वेल वाढला की पाणी घालायचं, तेही हातानं. वाळूत झिरा खणून त्यात साचलेलं पाणी डब्यानं भरायचं आणि वेलाच्या बुडाशी ओतायचं, सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. फळ धरलं की त्याच्याखाली गवत सारायचं, नाहीतर तापलेली वाळू त्याला खालून भाजून काढते. चैत्र-वैशाखात फळं डोंगीनं काठावर जातात आणि तिथून गाडीनं अमळनेरला नाहीतर शिरपूरला. बाजारात आपण टिचकी मारून टरबूज घेतो. त्यामागे किती डबे पाणी असतं याचा विचार मी तोवर केला नव्हता. पुढे केला आणि पत्रकात तो घातलाही. पण गटातल्या मंडळींनी तो परिच्छेद फार लांब झाला म्हणून काढला.

वाळूचा मालक कोण, हा माझा पहिला प्रश्न होता. सातबारा नाही, मोजणी नाही, दरवर्षी नवं बेट. मग कोणी कुठे पेरायचं हे कसं ठरतं?

त्यांचा एक रिवाज होता. कार्तिकात पाणी उतरल्यावर सगळी कुटुंबं एकाच दिवशी काठावरून निघतात. प्रत्येक जण घरून तीन दगड आणतो, कारण बेटावर दगड मिळत नाही, आणि मडक्यात राखेखाली विस्तव आणतो. वाळूवर जिथे तो चूल मांडतो आणि पेटवतो, तिथून खाली पुढच्या चुलीपर्यंतची पट्टी त्याची. कागद नाही, खुंटी नाही. चूल हीच हद्द. मात्र ती चूल हंगामभर रोज पेटली पाहिजे. सकाळी धूर, संध्याकाळी धूर. एक दिवस जरी चूल थंड राहिली तरी पट्टी मोकळी, आणि शेजारच्या चुलीनं ती आपल्याकडे ओढायची.

मला हे आवडलं. हक्काची इतकी सरळ व्यवस्था मी जिल्ह्याच्या कुठल्याही कचेरीत पाहिली नव्हती. आणि रागही आला, कारण आजारी पडलेल्या, एकट्या माणसाला या व्यवस्थेत जागा नव्हती.

ती एकटी बाई माझ्या समोरच बसली होती. अक्काच्या पट्टीला लागून खालची पट्टी तिच्या दिराची. त्याला सगळे नाना म्हणत. चाळिशीचा, अंगानं भरलेला, बोलायला गोड. भावाच्या माघारी दोन्ही पट्ट्या आपल्या, असं त्यानं काठावरच सांगून टाकलं होतं. बाईमाणूस एकटी चूल मांडते हे त्याला मान्य नव्हतं. कार्तिकात निघायच्या दिवशी अक्का तीन दगड डोक्यावर घेऊन बाकीच्यांबरोबर पाण्यात उतरली आणि दरवर्षीसारखी चूल मांडली.

"पट्टी गयी तर काय करशील?" मी विचारलं.

"काय करसू? तेना दारशी जाईसन बसनं पडी. नहीतर जवाईना." ती भाकर थापत होती. "मी कोनना दारशी बसनार नही, ताई."

एक गोष्ट मी पहिल्या आठवड्यातच टिपली होती. काडीपेटी तिथे सगळ्यांकडे होती, पण ती वाळूतल्या दमटपणानं सर्दावे आणि विकत घ्यावी लागे, म्हणून चूल विझली की शेजारून निखारा आणायची पद्धत. नानांच्या झोपडीला सगळ्यांत जवळची चूल अक्काची. तरी नानांची बायको खापर हातात घेऊन आमच्या चुलीवरून पुढे जायची, पार चौथ्या झोपडीत जायची आणि तिथून निखारा घेऊन पुन्हा आमच्या समोरून परत जायची. पोळलेल्या वाळूवर अनवाणी.

"इथूनच का नेत नाही त्या?"

अक्का हसली. "आठून इस्तो लिना तर चूल मानी असं व्हस ना."

ज्या चुलीतून विस्तव नेला ती चूल तुम्ही मानली. मानली म्हणजे तिची पट्टीही मानली. म्हणून नानांची बायको लांब जात असे. मी हे लगेच वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

फाल्गुनात धुळ्याच्या काठावरून निरोप आला. मुलीला त्रास होतोय, आईला बोलवा. पहिलटकरीण माहेरी यायला हवी. पण माहेर वाळूवर, आणि सासरचे म्हणाले की आमची सून आम्ही वाळूवर पाठवणार नाही. तेव्हा आईनंच जायचं.

अक्का डोंगीशी उभी होती, हातात लुगड्याचं गाठोडं. बाकीचेही जमले होते. ती आबांना म्हणाली, "आबा, मनी चूल ही पोर ठेवी."

नाना पुढे आले. गोडच बोलले. "वहिनी, जा तुम्ही. आंडेरपेक्षा, पोटनी पोरपेक्षा, पट्टी मोठी नही. पन चूल तुमनी, तर धूर तुमनाच पायजे ना? ही बाहेरनी शे. सकाय ही गयी जळगावले, मंग?"

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"तुमले कोन इचारस, ताई?" असं म्हणून ते माझ्याकडे वळून हसले. "तुम्ही कागद लिखा."

मी पंचायत, समता आणि स्त्रीचा हक्क यांवर काहीतरी बोलायला सुरुवात केली. आबांनी हात वर केला. ते मला गप्प करण्यासाठी होतं, हे मला थोडं उशिरा कळलं.

"जी आठेना वेलले पानी घालस, ती आठेनी," आबा म्हणाले. "पोर पानी घाली, चूल पेटाडी, त्या चूलवर खाई. मंग चूल चालू. नही तर नही."

"आनि पळी गयी तर?" नानांनी विचारलं.

"पळी गयी तर पट्टी तुनी."

अक्कानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि डोंगीत बसली.

मी आयुष्यात चूल पेटवली नव्हती. भाकर तर दूरच, आमच्याकडे महाराज फुलके करायचे आणि ते गरम गरम ताटात यायचे. आता मला दोन वेळा धूर काढायचा होता, आणि धूर काढणं ही एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून उत्तम जमली. सगळं बेट धुरानं भरलं. माणसं खोकत बाहेर आली.

"कागदवाली, हद्द दाखाडी र्‍हायनी का गाव जाळी र्‍हायनी?" पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि बायका हसल्या.

भाकरी तव्यावर फाटायच्या. मी तुकडे खायची. पाण्याच्या डब्यांनी तळहाताला फोड आले. आधी ते पाण्याचे होते, नंतर रक्ताचे. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा घरचा नियम मी तत्त्व म्हणून मोडला होता, पण पोटाला तत्त्व कळत नव्हतं. उन्हं कलली की ते भूक सांगायचं. त्यामुळे आमच्या चुलीचा संध्याकाळचा धूर बेटावर सगळ्यांत आधी निघायचा. नाना आपल्या पट्टीत उभे राहून तो पाहात. मी त्यांना लांबून नमस्कार करायची. ते नमस्कार घ्यायचे.

अडचण होती ती विस्तव जपण्याची. संध्याकाळचा निखारा सकाळपर्यंत टिकायचा नाही, आणि मी अक्काची काडीपेटी पहिल्या काही दिवसांतच संपवली. एकेका पेटवणीला सात-आठ काड्या. शेजारून निखारा मागायला मला लाज वाटत नव्हती, पण त्यात धोका होता. अक्काच्या चुलीतला विस्तव दुसऱ्या चुलीतून आला असं झालं तर नाना त्याचं काय करतील, हे मला कळत नव्हतं. म्हणून मी पहाटे उठून उरलेल्या ठिणगीवर फुंकर घालत बसायची, डोळ्यांतून पाणी काढत.

नानांच्या बायकोला हे सगळं दिसत होतं. आमच्या दोन चुलींमधलं अंतर एवढंच, की एकीकडे भांडं पडलं तर दुसरीकडे ऐकू यावं. ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. एका संध्याकाळी ती आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीवर मोठमोठ्यानं खेकसायला लागली.

"अशी ठेवतस का व गवरी? उभी? सकायलोंग राख व्हई जाई तिनी! आडी ठेव. आडी! खाले जाड राख पायजे. त्यावर गवरी, त्यावर निखारा, त्यावर परत राख. आनि वरथून घमेलं पालथं घाल, कड रेतीमा दाब. वारा शिरना तर इस्तो गया. आयकू येस का?"

मुलगी बिचारी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात गोवरी नव्हतीच. ती बाहुली खेळत होती.

मी मुकाट्यानं उठले. जाड राख, आडवी गोवरी, निखारा, पुन्हा राख. पाण्यासाठी आणलेलं लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि त्याची कड वाळूत दाबली. सकाळी घमेलं उचललं तर निखारा तसाच लाल. पलीकडे ती वाकून वाळू झाडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी त्या पोरीला रागे भरणं चालायचं. पिठात पाणी कोमट घाल, थंड नको. भाकर थापताना बोटं नको रुतवू, हात सपाट ठेव. पोर शेवटी कंटाळून म्हणाली, "माय, मी कोठे भाकर करस?" आणि पाठीत एक धपाटा खाल्ला. माझ्या भाकरी मात्र गोल व्हायला लागल्या. चांगल्या नव्हे, गोल.

नाना तिथेच बसलेले असायचे. त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

हे दिवस मला आठवतात ते असे. सकाळी झिऱ्यातलं पाणी इतकं गार की डबा धरवत नसे. दुपारी सगळं बेट निपचित. दोन्ही काठ धुरकट, आणि त्या काठांवर काय चाललंय याचं कोणालाही काही पडलेलं नाही. वर्तमानपत्र नाही. मी मोर्च्यांच्या बातम्यांवाचून राहू शकेन असं मला वाटलं नव्हतं. राहिले. पानांखाली टरबुजं मोठी होताना दिसायची, आणि रोज सकाळी मी अक्काच्या पट्टीतली सगळी फळं बघून यायची. माझी नव्हती. तरी यायची.

चैत्राच्या सुरुवातीला एका दुपारी हवा थांबली. आबा डोंगी ओढून घेताना म्हणाले, "गारा येतीन." मग पश्चिमेकडून वाळू उठली. समोरचा माणूस दिसेना. आडी उडाल्या, पऱ्हाट्या उडाल्या, माझी वही उडाली. त्यामागून गारा आणि पाऊस. मी विस्तव झाकलेला होता. वारा सुटलेला पाहून मी घमेल्यावर चुलीचे तीनही दगड ठेवले आणि वर स्वतः बसले. यात हुशारी काही नव्हती. झोपडी पडली होती आणि बसायला दुसरी उंच जागा नव्हती.

पाऊस थांबला तेव्हा बेटावर एकही झोपडी उभी नव्हती. फळं गारांनी फुटली होती, पण सगळी नाही. वेल बऱ्यापैकी शाबूत होते. माणसं सगळी शाबूत. आबांनी नावं घेत हाका मारल्या आणि प्रत्येकानं ओ दिली. मग बायका चुली शोधायला लागल्या. बहुतेकींच्या चुली वाळूत गाडल्या गेल्या होत्या, ज्या दिसत होत्या त्यांत पाणी होतं. काडीपेट्या भिजून लगदा झालेल्या. नदी वरच्या पावसानं फुगली होती, त्यामुळे काठावर जाणं शक्य नव्हतं. आणि दिवस कलला होता.

संध्याकाळचा धूर निघायला हवा होता. सगळ्यांच्या मनात तेच होतं. ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

मी उठले, दगड उतरवले आणि घमेलं उचललं. राख वरून ओली झाली होती. बोटानं उकरली. खाली लाल.

"आबा," मी हाक मारली.

आबा आले, वाकले, राखेवर तळहात धरला. "शे," एवढंच म्हणाले. मग स्वतः फुटक्या मडक्याचं एक खापर शोधून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. "दे ताई, अक्काना चूलमाथून."

ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. मी निखारा दिला. मग एकेक बाई आली. चौथ्या झोपडीवालीही आली, जिच्याकडून नानांकडे निखारा जायचा. मी झोपडीच्या मोडक्या कुडातल्या आतल्या, कोरड्या पऱ्हाट्या मोडून दिल्या. थोड्या वेळात इकडेतिकडे धूर उठला, ओला, काळा, वाईट वासाचा.

नाना आपल्या चुलीशी उकिडवे बसले होते. त्यांनी चार-पाच काड्या केसांत खोवल्या होत्या, वाळवायला. एकेक काढून घासत होते. गूल निघून जाई, पेट घेत नसे. सूर्य काठाच्या झाडांना टेकला होता.

त्यांची बायको खापर हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सांगा. कोठून लई येऊ?"

"त्या चौथ्या घरथून."

"तिले कोठून भेटना?"

नानांनी आणखी एक काडी घासली.

"आबाले कोठून भेटना? बठ्ठा टापूवर आज एकच इस्तो शे." तिचा आवाज चढला नव्हता. पोरीवर ओरडायची तेव्हा चढायचा. "मी इतलं लांब काब्र जाऊ? मना पाय पोळतस."

वाळू तर गारांनी थंडगार झाली होती.

नानांनी केसातली शेवटची काडी काढली, पाहिली आणि टाकून दिली. बायको आमच्याकडे यायला निघाली. तिनं खापर पुढे केलं आणि मी त्यात दोन निखारे ठेवले, एक मोठा, एक लहान. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "भाकर टाकी का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पीठ भिजलंय. "मंग ये," ती म्हणाली, "मनाकडे कोरडं शे."

मी गेले नाही. त्या चुलीवर खाणं हा आबांचा नियम होता. तेव्हा तिनं पीठ आणून दिलं आणि मी अक्काच्या चुलीवर भाकर केली. ती खात होते तेव्हा नाना आले. थोडा वेळ नदीकडे बघत उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "घमेलं ते वाराकडथून लावा. अजून वारा शे."

नदी उतरल्यावर अक्का परत आली. मुलीला मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. डोंगीतून उतरली तेव्हा तिनं झोपडी पाहिली नाही, फळं पाहिली नाहीत. चुलीशी आली, बसली, हात शेकल्यासारखा पुढे धरला. उन्हाळ्याची दुपार होती.

"कोन कोन लई गयं?" तिनं विचारलं. कोणीतरी तिला डोंगीतच सांगितलं असणार.

मी सांगत गेले. आबा. ही. ती. चौथ्या घरची. शेवटी म्हणाले, "आणि नानांकडचे."

"कोन उनं? तो का ती?"

"त्या आल्या. नाना बसले होते."

अक्का उठून पट्टीत गेली, गारांच्या तडाख्यातून वाचलेलं एक मोठं टरबूज टिचकी मारून निवडलं, ते काखेत घेतलं आणि नानांच्या झोपडीकडे निघाली. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. भांडण झालं नाही एवढं कळलं, कारण तिथली भांडणं दोन्ही काठांवर ऐकू जातात.

वैशाखात फळं संपली आणि मी जळगावला परत आले. आम्ही पत्रक काढलं. टोचणाऱ्यांची, साहेबांची, दोन्ही काठांची खरमरीत हजेरी घेतली. चांगलं पत्रक होतं. दोन्ही काठांवर आम्ही ते वाटलं. उत्तर आलं नाही. टोचणारा माणूस मात्र पुढच्या हंगामात बेटावर गेला. पत्रकामुळे गेला की आपोआप, ते मला माहीत नाही, आणि आमच्या गटाच्या वार्षिक अहवालात जे लिहिलं आहे ते माझ्या हातचं नाही.

पुढच्या कार्तिकात, पाणी उतरल्याचा निरोप आल्यावर, मी सकाळच्या गाडीनं निघाले. बेट या वेळी धुळ्याकडे सरकलं होतं आणि लहान झालं होतं. सगळे काठावर जमले होते. अक्काच्या डोक्यावर तीन दगड, हातात मडकं. नाना दगड घेऊन उभे होते. त्यांच्या बायकोच्या हातातही मडकं होतं. मी जवळ जाऊन आत पाहिलं. मडकं रिकामं होतं.

"विस्तव नाही आणला?" मी विचारलं.

"तठे भेटी ना," ती म्हणाली आणि अक्काच्या मागोमाग पाण्यात उतरली.